घट्ट, सरसरीत, पातळ, पाणी

नंदकुमार देवस्थळींनी कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांच्या शोकसभेत पाच-सहा जण बोलले आणि प्रत्येकाने आपापल्या शब्दांत हेच सांगितलं. अमेरिकेतल्या ॲशबर्नच्या कम्युनिटी सेंटरमध्ये फोटोला हार घातला होता, खाली समई होती, मागच्या टेबलावर समोशांचे ट्रे झाकून ठेवले होते. कुणी म्हणालं, अजातशत्रू माणूस. कुणी म्हणालं, याला फोन केला आणि याने उचलला नाही असं झालं नाही. मी तिसऱ्या रांगेत बसून मान डोलावत होतो. त्यांच्यासमोर मान डोलावण्यात माझी नोकरीची निम्मी वर्षं गेली आहेत, ती सवय एकदम कशी सुटेल? नंतर इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला गाठलं आणि सांगितलं, तुम्ही त्यांना सगळ्यांत जवळून पाहिलंत, चार चांगले शब्द लिहून द्या. मी हो म्हटलं. घरी येऊन लिहायला बसलो, तर हे झालं.

प्रज्ञा कांबळे त्या सभेला नव्हती. ती आता नागपूरला असते. तिला या देशात राहायचं होतं, आणि तिचं इथलं राहणं देवस्थळींच्या एका सहीवर अवलंबून होतं. त्या सहीचं काय झालं ते सांगितल्याशिवाय मला देवस्थळी सांगता येणार नाहीत.

माणूस दिसायला प्रसन्न होता. ठेंगणा, गोरा, नेहमी बिनबाह्यांचा स्वेटर, कारण आमच्या इमारतीत माणसांपेक्षा यंत्रांच्या सोयीचा गारवा असायचा. खिशात चष्मा पुसायचं एक मऊ फडकं. ते फडकं त्यांच्या स्वतःच्या चष्म्यासाठी नव्हतं. बोलता बोलता ते समोरच्याच्या नाकावरचा चष्मा काढून घ्यायचे, फुंकर मारून निगुतीने पुसायचे आणि परत नाकावर बसवून म्हणायचे, “हं, आता बघा.” तेवढा वेळ समोरचा माणूस डोळे मिचकावत आंधळ्यासारखा उभा. यात प्रेम होतं की अपमान, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. संत्रं सोलून पहिल्या फोडी दुसऱ्याला द्यायचे. संक्रांतीला घरी येऊन तिळगूळ द्यायचे. आणि कुणाच्याही घरी गेले की टीव्हीच्या काचेला नाक लावून उभे राहायचे आणि यजमानाला सांगायचे की तुम्ही जे पाहताय ते अर्धं खोटं आहे.

आमची कंपनी लहान. कुठे तरी काही तरी घडत असतं आणि दूर बसलेल्या लोकांना ते घडतानाच बघायचं असतं; ते दाखवणं हा आमचा धंदा. चर्चमधली रविवारची प्रार्थना, शाळांचे सामने, गावाच्या कौन्सिलच्या बैठका, देवळांतले उत्सव, पदवीदान समारंभ. कॅमेऱ्यातून आलेलं चित्र आम्ही काही सेकंदांच्या तुकड्यांत कापायचो आणि प्रत्येक तुकड्याच्या चार प्रती तयार करायचो. एक स्वच्छ आणि जड, पुढच्या क्रमाने हलक्या आणि पुसट. बघणाऱ्याचं इंटरनेट चांगलं असेल तर त्याला जड तुकडा जातो. ते मध्येच कण्हायला लागलं, तर पुढचा तुकडा हलका जातो. चित्र जरा धुरकट होतं, पण थांबत नाही. बघणाऱ्याला कळू न देता त्याला खाली उतरवायचं आणि कळू न देता वर घ्यायचं, यात सगळी कारागिरी.

या प्रतींना सगळं जग आकड्यांनी ओळखतं. देवस्थळींनी आमच्या खोलीत त्यांना नावं दिली होती: घट्ट, सरसरीत, पातळ आणि पाणी. पंगतीत पानं वाढली की वरणाचं जे होतं तेच इथे होतं, असं ते सांगायचे. वाढणारा कसबी असेल तर शेवटच्या पानालाही वाटतं की वरण वाढलं. आमच्यातला ग्रेग व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातला, तोसुद्धा ‘सारसारीट’ म्हणायचा, आणि हा संस्कृत शब्द असावा असा त्याचा समज होता.

ही नावं चित्रांपुरती राहिली नाहीत. थोड्याच दिवसांत मला कळलं की माणसांनाही ती लागतात.

मला त्यांनी कामावर घेतलं तेच मुळी माझी नजर कच्ची म्हणून. मुलाखतीत त्यांनी पडद्यावर शेजारी-शेजारी दोन चित्रं चालवली. एका म्हातारीचा चेहरा होता, मागे आभाळ. विचारलं, चांगलं कुठलं? मी उजवीकडचं म्हटलं. मला ते नितळ वाटलं. देवस्थळी खूश झाले. उजवीकडचं चित्र त्यांनी इतकं दाबलं होतं की म्हातारीच्या सुरकुत्या पुसल्या गेल्या होत्या. “सावंतांना पुसलेलं आवडतं,” त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना सांगितलं. “घ्या त्यांना. आपला प्रेक्षक असाच आहे.” त्यानंतर वर्षानुवर्षं माझं एक काम ठरलेलं होतं. एखादा तुकडा किती खाली न्यायचा असा प्रश्न आला की ते मला बोलवायचे आणि विचारायचे, सावंत, काही दिसतंय का? मी बघायचो आणि म्हणायचो, नाही. मग जाऊ दे, म्हणायचे. लोक हसायचे, मीही हसायचो. पगार चांगला होता.

त्यांचं कसब मात्र खरं होतं. एकदा एका शाळेच्या पदवीदानाच्या वेळी हॉलमधली मुख्य लाइन ऐन कार्यक्रमात गेली आणि एका मोबाइलच्या जोडणीवर सगळा समारंभ आला. मुलांची नावं पुकारली जात होती, हजारो नातेवाईक घरोघरी बघत होते. देवस्थळी खुर्चीवरून उठले आणि उभ्यानेच एकेक प्रत बंद करत, एकेक तुकडा लहान करत त्यांनी तो समारंभ शेवटपर्यंत नेला. कुणाचंही चित्र थांबलं नाही. मी ते हात बघत होतो आणि मला वाटत होतं की या माणसाच्या हाताखाली काम करायला मिळालं हे भाग्य आहे. अजूनही वाटतं. दोन दिवसांनी ओहायोमधल्या एका वृद्धाश्रमातून एका बाईंची मेल आली की तुमच्यामुळे मला नातवाला टोपी उडवताना बघता आलं, मी फार रडले. देवस्थळींनी ती मेल मोठ्याने वाचली. मग तो नेमका क्षण ‘पाणी’ प्रतीत शोधून मोठ्या पडद्यावर थांबवला. निळ्या झग्यांचा एक ढग होता. चेहरा कुणालाच नव्हता.

“हिने नातू पाहिलाच नाही,” ते म्हणाले. “ठिपक्याला रडली बिचारी.”

आम्ही पोट धरून हसलो. त्या मेलला त्यांनी फार सुंदर उत्तर पाठवलं.

माझे सासरे अण्णा साताऱ्याच्या एसटी डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. एका उन्हाळ्यात ते सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि त्यांना बोलायला कुणी मिळेना. मुलं इंग्रजीत उत्तर द्यायची, आम्ही दोघं कामावर. म्हणून एका शनिवारी सकाळी भारताचा सामना होता तेव्हा मी त्यांना देवस्थळींच्या बेसमेंटमध्ये घेऊन गेलो. पोहे होते, चहा होता, मंडळातली सात-आठ कुटुंबं होती. देवस्थळींनी अण्णांना हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं.

आता यातली गोम अशी की ज्याला लोक ‘लाइव्ह’ म्हणतात ते लाइव्ह नसतं. तुकडे कापून, चार प्रती करून, घराघरांत पोचेपर्यंत अर्धं मिनिट उलटून जातं. धंद्यातल्या ओळखीतून देवस्थळींच्या फोनवर तोच सामना टीव्हीच्या आधी यायचा. ते फोन मांडीआड धरायचे आणि अण्णांच्या कानात हळूच सांगायचे, आता चौकार. अण्णा मोठ्याने म्हणायचे, चार. टीव्हीवर चौकार. आता झेल. अण्णा म्हणायचे, गेला हा. आणि तो जायचा. अण्णांना हे देवस्थळींच्या कुठल्या तरी युक्तीने होतंय हे कळत होतं, पण युक्ती दोघांची आहे या कल्पनेनेच ते खुलले. पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली. आजोबा, नेक्स्ट काय? माझी मुलगी, जी घरी त्यांच्याशी दोन शब्द बोलत नव्हती, त्यांच्या गुडघ्याला रेलून बसली. शेवटचा चेंडू आला. देवस्थळी कानात म्हणाले, षटकार, जिंकलो. अण्णा दोन्ही हात वर करून उभे राहिले आणि एसटी स्टँडवर घुमणाऱ्या आवाजात ओरडले. पोरं उड्या मारायला लागली, कुणी तरी बर्फीचा डबा उघडला. मग टीव्हीवर तो चेंडू पडला आणि स्टंप उडाले.

देवस्थळींना हसून हसून खोकला आला. त्यांनी सगळ्यांना फोन दाखवला, अर्ध्या मिनिटाचं शास्त्र समजावून सांगितलं आणि अण्णांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, काय अण्णा, ज्योतिष चुकलं वाटतं. सगळे हसले. मी जावई, मी सगळ्यांत जास्त हसलो, म्हणजे ते अण्णांना लागू नये. माझी मुलगी उठून दुसऱ्या मुलांकडे गेली. अण्णा बसले, त्यांनी बशीतले पोहे संपवले आणि ‘चांगली गंमत केलीत’ म्हणाले.

परत येताना गाडीत त्यांनी मला एकच विचारलं. “तेवढ्या एका चेंडूसाठी तो अख्खी सकाळ माझ्याशी गोड बोलला का रे?”

मी म्हणालो, तसं नसेल हो, अण्णा. परतीचं तिकीट त्यांनी महिनाभर अलीकडे आणायला लावलं.

देवस्थळी भांडले नाहीत कधी. संबंध तोडले नाहीत. ज्याचा कंटाळा आला त्याला ते खाली उतरवायचे, आणि इतक्या बेताने की त्याला कळायचं नाही. सांगलीच्या धाकट्या भावाशी आधी दर रविवारी फोन. मग सणावारी फोन. मग फोनऐवजी चार ओळी. मग दोन शब्द, मग नुसता अंगठा. तो भाऊ एकदा इकडे आला होता तेव्हा मला कौतुकाने सांगत होता की दादा एवढ्या कामात असतो, पण माझ्या प्रत्येक मेसेजला त्याचं उत्तर येतं म्हणजे येतंच. त्याला ते वरणच वाटत होतं. देवस्थळी पलीकडे संत्रं सोलत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

अशा खोलीत प्रज्ञा आली. नागपूरची, इंदोऱ्यातली, ॲन आर्बरला शिकली होती आणि तिथल्या थंडीच्या मानाने आमचं यंत्रघर काहीच नाही म्हणायची. नवरा अमोल इंजिनिअर, पण त्याच्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, म्हणून तो नील नावाच्या मुलाला सांभाळून घर चालवायचा. मुलाखतीत देवस्थळींनी तिलाही ती म्हातारी दाखवली. प्रज्ञाने क्षणात डावीकडे बोट दाखवलं आणि उजवीकडच्या चित्राचे दोष सांगत सुटली. आभाळात पट्टे पडलेत. केसांच्या कडेला डास घोंघावतायत. आमच्या धंद्यात त्या दोषाला खरोखरच डासाचं नाव आहे, पण तिने ते वाचून नाही, बघून सांगितलं. ग्रेगने शीळ घातली. देवस्थळी म्हणाले, वा.

तिच्या टेबलावर बाबासाहेबांचा छोटा फोटो होता. पहिल्या दिवशी देवस्थळी तिथे थांबले, फोटोकडे आदराने बघितलं आणि म्हणाले, छान. आमच्याकडेही फार मान आहे त्यांना. मला त्यात काही दिसलं नाही. प्रज्ञाने पुढे कधी तरी डबा खाताना मला विचारलं, सावंतदादा, ‘आमच्याकडे’ म्हणजे कुठे? मी विषय बदलला.

पहिली वर्षं बरी गेली. मग एका मोठ्या चर्चच्या मंडळींबरोबर बैठक होती. आमचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. पडद्यावर त्यांच्या मागच्या रविवारची प्रार्थना चालू होती, ते कौतुक करत होते, आणि प्रज्ञाने अगदी सरळ मनाने विचारलं की सर, यांना पहिल्या प्रतीच्या नावाखाली दुसरी प्रत जातेय ना? सेटिंग चुकलंय कुठे तरी. तिला खरंच ती चूक वाटली. चूक नव्हती. देवस्थळींनी वर्षभर त्यांना घट्ट म्हणून सरसरीत वाढलं होतं आणि मी दर वेळी ‘काही दिसत नाही’ म्हटलं होतं. देवस्थळी हसले, सगळ्यांसमोर तिचे आभार मानले, अशी नजर पाहिजे म्हणाले, आणि पुढच्या महिन्याच्या बिलात सूट देऊन प्रकरण मिटवलं. दुसऱ्या दिवशी संत्र्याची फोड माझ्या हातात ठेवत ते सहज म्हणाले, आपली प्रज्ञा सरसरीत आहे हो.

मला ती भाषा येत होती. मी फोड खाल्ली.

इथे व्हिसाचं थोडं सांगायला हवं. प्रज्ञा ज्या व्हिसावर होती त्यावर सहा वर्षं राहता येतं. पुढे राहायचं तर सहावं वर्ष लागण्याआधी कंपनीने तुमच्या ग्रीन कार्डाची पहिली पायरी सरकारकडे दाखल करावी लागते. एक दिवस उशीर झाला तरी सहा वर्षं संपल्यावर सामान बांधायचं. आणि ती पायरी दाखल करायची तर मॅनेजरने सही करून वकिलांना कळवावं लागतं की हिला आम्ही ठेवणार आहोत. मॅनेजर देवस्थळी होते.

प्रज्ञाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, अगं म्हणजे काय, चालू आहे. दोन महिन्यांनी विचारलं, चालू आहे, वकिलांची एक शंका होती. पुढच्या वेळी सांगितलं की आधी जागेची जाहिरात द्यावी लागते, सरकारी नियम आहे, तिथे वेळ जातो. नियम खरा होता. ते सांगायचे त्यातली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे, कुणाच्या तरी बाबतीत खरी असायची. मग त्यांनी तिच्याकडे जन्माचा दाखला मागितला, इंग्रजीतला. तिचे वडील निवृत्त पोस्टमन, ते नागपूरच्या उन्हात महापालिकेत खेटे घालून आले. दाखला आला तर देवस्थळींनी आईच्या नावातलं एक अक्षर चुकल्याचं दाखवून दिलं. म्हातारा पुन्हा गेला, दोन शेजाऱ्यांना घेऊन प्रतिज्ञापत्रं करून आला. प्रज्ञाने ती पाठवली. देवस्थळींचा अंगठा आला.

पाचवं वर्ष अर्धं झालं तेव्हा प्रज्ञाला दुसऱ्या कंपनीकडून विचारणा झाली. पहिल्याच दिवशी कागद दाखल करू, असं ते लेखी द्यायला तयार होते. ती गुपचूप जाऊ शकली असती. पण ती सरळ मुलगी. देवस्थळींच्या समोर जाऊन बसली आणि म्हणाली, सर, तुम्ही सांगाल तसं करते. मी माझ्या टेबलावरून ऐकत होतो. ते म्हणाले, जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही, निर्णय तुझा. तुझं चालू आहे, एवढं सांगतो. मधेच घोडी बदलायची का, तू बघ. बाहेर आल्यावर तिने मला विचारलं. मी म्हणालो, देवस्थळी काम विसरणारा माणूस नाही. आणि हे खरंच आहे, ते काहीच विसरत नसत.

तिने दुसऱ्या कंपनीला नकार कळवला. घरी मोठा टीव्ही घेतला.

सहावं वर्ष लागल्यावर भावाच्या लग्नाला भारतात जाऊन यायचं होतं, म्हणून तिने वकिलांच्या ऑफिसात थेट फोन केला. पलीकडच्या बाईने नाव दोनदा विचारलं, स्पेलिंग विचारलं आणि सांगितलं की या नावाने आमच्याकडे कधीच काही आलेलं नाही. मी लंचरूममध्ये डबा गरम करत होतो. प्रज्ञा आत आली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, “माझी फाइलच नाही.” मायक्रोवेव्ह वाजला. मी डबा काढला नाही, तिच्याकडेही बघितलं नाही.

देवस्थळींनी नाकारलं नाही. अरे, राहिलं का ते, म्हणाले. मला वाटलं, केव्हाच गेलं. ती म्हणाली, आता भरून उपयोग नाही, सर, तारीख गेली. ते म्हणाले, बघू, काढू काही तरी मार्ग. आणि पुढचं अख्खं वर्ष ते मार्ग काढत राहिले. कुठल्या तरी वकिलाचा नंबर, कुठल्या तरी नियमाची लिंक, कॅनडात कुणी तरी ओळखीचं. रोज काही ना काही तिच्यापर्यंत पोचत होतं. बाहेरच्या कंपन्यांना सहावं वर्ष लागलेलं माणूस नको होतं. अमोलने घरातल्या वस्तू विकायला काढल्या तेव्हा सोफा उचलायला देवस्थळी स्वतः गेले, पाठीला पट्टा बांधून.

मी प्रज्ञाला एकदा म्हणालो की हे सगळं त्या चर्चच्या बैठकीमुळे झालं. दुसरं काही नसावं. ती हसली. “सावंतदादा, तुम्हाला कारण शोधायचंय. मला ते लहानपणापासून पाठ आहे.” मग म्हणाली, “बैठकही असेल. दोन्ही असू शकतं ना?”

देवस्थळी त्यानंतर तीन-चार वर्षं जगले. मी त्यांच्यासमोरच बसत होतो. पण मला ते आठवतात ते प्रज्ञा गेली त्या सकाळचे.

विमानतळावर सोडायला त्यांचीच मोठी गाडी होती. पहाटे उठून देवस्थळीकाकूंनी धपाटे करून दिले होते. काउंटरवर एक बॅग जड भरली, तर देवस्थळी पुढे झाले, तिथल्या मुलीशी दोन मिनिटं गोड बोलले आणि बॅग तशीच सरकली. अमोल कसनुसा थँक्यू म्हणाला. मग आम्ही आत जायच्या रांगेपाशी उभे राहिलो. नील सात वर्षांचा. त्याच्या पाठीवर शाळेचंच दप्तर होतं. त्याने बापाला विचारलं, विल वी बी बॅक बिफोर स्कूल स्टार्ट्स? अमोलने त्याच्या दप्तराचा पट्टा सरळ केला. देवस्थळी वाकले, त्याच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाले, “ऑफ कोर्स, बेटा.”

प्रज्ञा गुडघ्यावर बसली, पोराचं तोंड आपल्याकडे वळवलं. “नील, आपण परत येणार नाही. वी आर नॉट कमिंग बॅक.”

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग तो असा रडायला लागला की रांगेतले लोक वळून बघायला लागले. देवस्थळींना खरोखर वाईट वाटलं. त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या.

“कशाला सांगितलंस आत्ता?” ते म्हणाले. “विमानात तरी शांत बसला असता.”

प्रज्ञा उठली. तिचा आवाज अजिबात चढला नाही. “सर, मी तुमच्याकडे ती ऑफर घेऊन आले होते. तेव्हा नाही म्हणाला असतात, तर मी गेले असते. तुमचं काय गेलं असतं?”

त्यांनी प्रश्न टाळला नाही. ते विचार करत होते, मान जरा तिरकी करून, चित्रातला दोष शोधताना करायचे तशी. मग म्हणाले, “तुला वाईट वाटलं असतं गं.”

तिने माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही. अमोलने हुंदके देणाऱ्या पोराला उचललं आणि तिघं रांगेत शिरली. त्यांतल्या कुणीही मागे वळून बघितलं नाही. देवस्थळी टाचा उंचावून हात हलवत होते, ती तपासणीच्या पलीकडे दिसेनाशी होईपर्यंत.

लगेच निघायला ते तयार नव्हते. काही अडलं तर, म्हणाले. आम्ही लोखंडी बाकावर बसलो. त्यांनी माझ्यासाठी कॉफी आणली, साखर माझ्या मापाची. मी त्यांचा चेहरा निरखत होतो. तिथे काही तरी असणार, असलंच पाहिजे, असं मला वाटत होतं. तासाभराने माझ्या फोनवर प्रज्ञाचा मेसेज आला: बसलो. त्यांच्या फोनवर आला नव्हता. त्यांनी विचारलं, बसले का? मी हो म्हटलं.

ते उठले, पँट झटकली, दोघांचे रिकामे पेले नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“चला. आता त्या जागेवर माणूस बघायला हवा. उद्या जाहिरात टाका,” ते म्हणाले. “या वेळी फार बघणारं नको.”

आणि हात पाठीमागे बांधून ते पार्किंगच्या दिशेने चालू लागले, सावकाश, सकाळच्या उन्हात, वाटेत एका म्हाताऱ्या बाईची ट्रॉली अडकली होती ती सोडवून देत. मी त्यांच्या मागून निघालो. गाडी त्यांची होती.